लालबागला उलटा टांगलेला राजा

घरात जुनं सोन्याचं नाणं असेल तर ते पुसू नका. एवढं वाचून पान उलटलंत तरी माझं काम झालं. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा लक्ष्मीपूजन तोंडावर आलेलं असेल आणि गिरगावापासून परळपर्यंत घरोघर चिंच भिजत पडलेली असेल. आपल्या आयाबहिणी देवीपुढं मांडायची गिनी चिंचेनं घासतात, रिठ्यानं घासतात, तेवढ्यानं समाधान झालं नाही तर रांगोळीनं घासतात. राजाचं नाक जातं, राणीचे केस जातात, नाणं परातीसारखं लखलखतं. मग कधीतरी अडचणीच्या दिवशी तेच नाणं रुमालात बांधून आमच्याकडे येतं आणि बाई अभिमानानं सांगते, "कालच स्वच्छ केलंय हो." मला त्या वेळी गल्ल्यावर डोकं आपटावंसं वाटतं.

मी धोबीतलावाजवळ होमीशेठ या पारशी म्हाताऱ्याच्या पेढीत कामाला आहे. पेढीला पाटी नाही. दोन जिने चढून वर आलात की डाव्या हाताला एक खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर तराजू, भिंग आणि काळ्या मखमलीचा तुकडा. होमीशेठ विलायती सोन्याची जुनी नाणी जमवतात आणि जमवणाऱ्यांना विकतात. ती शोधून आणणं, पारखणं, गिऱ्हाइकाला नेऊन दाखवणं हे माझं काम. दिवसा हे आणि संध्याकाळी चळवळ. पत्रकं लिहायची, छापून घ्यायची, भिंतींवर चिकटवायची. संयुक्त महाराष्ट्रासाठी घसा फोडणारा पोरगा दिवसभर इंग्रजांचे राजे कुरवाळत बसतो, हे आमच्या मित्रांना भलतंच गमतीचं वाटायचं. "काय रे, तुझ्या सासूबाई व्हिक्टोरिया काय म्हणतात?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसूही येत नाही.

पण मी लाजत नव्हतो आणि आजही लाजत नाही. चोराला पकडायचं तर त्याच्या पायाचे ठसे जपून ठेवावे लागतात. ही नाणी म्हणजे ठसे आहेत. आपल्या बाजारात ज्याला सरसकट गिनी म्हणतात ते बहुतेक वेळा सॉव्हरिन असतं. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसरीकडे घोड्यावर बसून अजगर मारणारा वीर, नाहीतर ढाल. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी ही नाणी आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पडली. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर एक बारीक इंग्रजी आय असतो, तीच त्यांची खूण. मुंबईत पाडलेलं सोनं, त्यावर राजा लंडनचा! खरी गिनी त्याहून पुष्कळ जुनी. शिवाजीमहाराजांच्या काळापासून ती इंग्लंडात पडू लागली. आपल्याकडे आली ती साहेबांच्या खिशातून, आणि सोनारांच्या मुशीतून वाचली ती फारच थोडी.

या धंद्यात बाहेरच्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते हे, की सोनं खरं असून नाणं खोटं असू शकतं. एक गृहस्थ दर महिन्याला एक नाणं घेऊन यायचे. वजन बरोबर, कस बरोबर, आवाज बरोबर. होमीशेठ भिंगातून एकदा बघायचे आणि परत करायचे. "सोना खरा. राजा खोटा." गृहस्थ तावातावानं विचारायचे, "अहो, सोनं शुद्ध आहे ना? मग?" शेठ म्हणायचे, "सोना पायजे तर झवेरी बाजारमंदी जा. इथे आम्ही चेहरा घेते." परदेशात कुठंतरी पूर्ण कसाचं सोनं वापरून नवी नाणी जुनी म्हणून पाडतात, हे त्या गृहस्थांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचंही बरोबर आहे. आपण सोनं विकत घेतो ते सोनं म्हणून. चेहऱ्याला किंमत देणारे वेडे मूठभरच.

आणि या वेड्यांचा जीव ज्यानं जातो ती गोष्ट म्हणजे कडी. नाण्याला वरच्या कडेला सोनाराकडून वितळत्या सोन्याचा डाग देऊन कडी लावायची आणि गळ्यात घालायची, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आमच्याकडे येणाऱ्या नाण्यांत कडी लागलेली किंवा लागून काढलेली नाणी ढिगानं असतात. कडी काढता येते, पण जिथं डाग बसला तिथलं नक्षीकाम, अक्षर, काठाच्या रेघा वितळून गेलेल्या असतात. शेठ असं नाणं बोटानंच बाजूला सारतात. त्यांच्या लेखी ते नाणं उरलेलं नसतं, दागिना झालेला असतो.

आता त्या गिनीकडे येतो.

छप्पन साल उजाडलं तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या जॉर्ज राजाची गिनी होमीशेठच्या हाती लागली. राजाचं तोंड डावीकडे, मागच्या बाजूला मुकुटाखाली ढाल. अशा गिन्या मिळतात. पण हिच्यावर राजाच्या गळ्याखाली, अगदी काठाशी, मुंगीएवढी तीन अक्षरं होती. ई, आय, सी. ईस्ट इंडिया कंपनी. म्हणजे या नाण्याचं सोनं कंपनीनं इंग्लंडात आणून टांकसाळीत ओतलं होतं आणि त्याची खूण म्हणून राजानं आपल्या गळ्याखाली कंपनीचं नाव मिरवलं होतं. ती तीन अक्षरं भिंगातून पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझं डोकं तडकलं. याच कंपनीला इंग्लंडच्या राजानं आपली मुंबई वर्षाला दहा पौंड भाडं, तेही सोन्यात, घेऊन देऊन टाकली होती. कुणाला विचारलं होतं? आणि आम्ही मुंबई मागत होतो तर आम्हाला विचारत होते, तुमची कशावरून!

मी शेठला म्हटलं, "शेठ, यावर पत्रक लिहितो." शेठ म्हणाले, "लिहिजे. पण नाण्याला काठाने धर. पत्रकची शाई राजाला नको लावू."

प्रभादेवीला एक डॉक्टर होते, शेठचे जुने गिऱ्हाईक. नाणं बघण्याआधी साबणानं हात धुवायचे आणि बघताना हात मांडीवर ठेवायचे, न जाणो चुकून बोट लागलं तर. त्यांना ही गिनी दाखवायला न्यायची होती. शेठनी ती मऊ कागदात गुंडाळली, कागद कापसात, कापूस चपट्या डबीत, आणि डबी माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात. "जशी नेते तशी परत आणजे," एवढंच म्हणाले. दर वेळी हेच म्हणत. एवढ्या मोलाची वस्तू पंचविशीच्या आतल्या पोराच्या खिशात घालून हा म्हातारा खिडकीशी निवांत चहा पीत बसायचा, याचा मला मनातून फार अभिमान होता.

ट्राम लालबागला थांबली ती थांबलीच. पुढे रस्त्यावर दगड, जळके टायर, पोलिसांच्या गाड्या. शहरात गोळीबार झाल्याला फार वेळ लोटला नव्हता आणि गिरणगाव पेटलेलं होतं. उतरून चालत निघालो. कुठल्या मोर्चात नव्हतो, घोषणा देत नव्हतो. पण खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत पत्रकं होती. असणारच. तोंडावर पोलीस दिसले, तरुण दिसेल त्याला गाडीत कोंबत होते. मी वळून पार्वतीकाकींच्या चाळीत शिरलो.

पार्वतीकाकी म्हणजे आमच्या लालबागच्या कामाचा कणा. मूळची मालवणकडची बाई, नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. भिंतीवर पत्रकं चिकटवायची खळ त्यांच्या शेगडीवर शिजायची. शिजवताना तोंडाचा पट्टा चालू असायचा. "पीठ खावक गावना नाय आणि तुम्ही भिंतीक खावक घालतास!" पण खळ कधी कमी पडू दिली नाही.

मी डबी काढून त्यांच्या हातात दिली. "काकी, शेठची वस्तू आहे. सोन्याचं नाणं. कुणाला दाखवू नका. मी येऊन घेऊन जाईन."

"माज्या जिवापरीस सांभाळतंय. तू आधी मागच्या जिन्यान जा!"

मागच्या जिन्याखाली पोलीस उभेच होते.

कोठडीत आणि मग तुरुंगात माझ्यासोबत जी माणसं होती ती घरची काळजी करत होती, गिरणीतल्या नोकरीची काळजी करत होती. मी एका नाण्याची काळजी करत होतो आणि ती कुणाला सांगता येत नव्हती. सोन्याचं नाणं असा शब्द शिपायाच्या कानावर पडला असता तर काकींच्या घरावर धाड पडली असती, आणि माझ्यावर चोरीचा आळ. रात्रंदिवस मला चिंच दिसायची. वाटायचं, काकींनी डबी उघडली असेल. जुन्या सोन्याची काळपट झाक बघून त्या म्हणाल्या असतील, काय हो मळ! आणि घेतली असेल चिंच.

मग आमच्या कोठडीतला परळचा एक गिरणीकामगार एकदा सहज बोलला. चळवळीतल्या घरांची झडती कशी चाललीय, याची गोष्ट निघाली होती. तो म्हणाला, "आमच्या घरात पोलिसांनी देव्हाऱ्यातला नारळसुद्धा फोडून बघितला. पण आमची हुशार. होतं नव्हतं ते सोनं गळ्यात घालून दारात उभी राहिली. बाईच्या गळ्याला कोण हात लावतो?"

सगळे हसले. मी हसलो नाही. गळ्यात घालायचं तर नाण्याला काय लागतं, हे त्या कोठडीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दादा, माझा मोठा भाऊ, भेटीला आला तेव्हा शिपाई जवळच उभा होता. मी म्हटलं, "लालबागला पार्वतीकाकींकडे जा. माझं सामान आहे तिथं. जसं आहे तसं राहू द्या म्हणावं. काहीसुद्धा करू नका म्हणावं."

"कसलं सामान?"

"सामान रे! तू फक्त सांग."

दादा सरळमार्गी माणूस, कचेरीतून घर आणि घरातून कचेरी. तरी बिचारा गेला. पुढच्या भेटीला खुशीत आला. "काकींना भेटलो. काही काळजी करू नकोस म्हणाल्या. सामान सुखरूप आहे."

"कुठं आहे?"

"मला काय कळलं नाही बुवा. पण असं गळ्याशी हात लावून म्हणाल्या, हयसरच आसा, दिवसरात्र माज्या डोळ्यांसमोर आसा." दादानं स्वतःच्या गळ्याशी हात नेऊन दाखवला आणि हसला. "जीव आहे हो त्यांचा तुझ्यावर."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बरोबरच्यांना वाटलं, घरच्या आठवणीनं.

सुटलो तेव्हा सोबत्यांच्या गळ्यात हार घालायला माणसं आली होती. मी कडेनं निसटलो. घरी गेलो नाही, पेढीवर गेलो नाही, थेट लालबाग गाठलं. काकी चाळीच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी जिना चढलो तसं त्यांच्या गळ्याशी उन्हात काहीतरी चमकलं, आणि मला तिथूनच कळलं.

"इलंस? केवढो रोडावलंस रे मेल्या! बस. आधी पाणी पी."

मी बसलो नाही. काळ्या दोऱ्यात, मंगळसूत्राच्या वाट्यांच्या खाली, दुसरा जॉर्ज लटकत होता. डोकं खाली आणि मान वर.

काकींनी फुशारकीनं सांगितलं, "तुज्यामागून पोलीस खोलयेत इले. डबे उपडी केल्यानी. पिठात हात घातल्यानी, तुमची खळ करूचा पीठ ता! आज ना उद्या परत येतले म्हणान सांगान गेले. मगे मी इचार केलंय, आता ही डबी खय लपवू? सकाळी गल्लीतल्या सोनाराकडे गेलंय, कडी लावन घेतलंय. दोन येळा परत इले मेले. माज्या गळ्याक हात लावची कोणाची छाती झाली नाय."

"उलटा लावलाय, काकी." माझ्या तोंडातून एवढंच बाहेर पडलं.

"उलटो खय? सरळच आसा." त्यांनी मान खाली घातली आणि नाणं दोन बोटांनी उचलून स्वतःकडे वळवलं. "ह्या बघ. माका सरळ दिसता. सोनार पण म्हणा होतो, बाय, उलटो लावतंस. मी म्हटलंय, लोकांक दिसाक नको, माका दिसाक व्हयो. परक्याची वस्तू. सारख्या बघी होतंय, आसा काय गेलो. तोंड सरळ दिसला की जीव खाली पडा."

मी पुढं झालो. कडी कुठं लागली होती ते बघायचं होतं आणि बघायचं नव्हतं. राजाचं डोकं खाली घ्यायचं म्हणजे कडी मानेखाली लावायची, अगदी काठाशी. सोनारानं डाग चोख दिला होता. तीन अक्षरांच्या जागी सोन्याचा गुळगुळीत थेंब होता. वर कडी लावली असती तर राजाच्या डोक्यावरची दोन अक्षरं गेली असती, ती कोणत्याही गिनीवर मिळतात. ज्यासाठी हे नाणं दुसऱ्या नाण्यांपेक्षा वेगळं होतं, नेमकं तेच गेलं होतं.

काकींनी दोरा सोडला. नाणं पदरानं पुसायला निघाल्या, मी ओरडलो, "पुसू नका!" आणि मग माझं मलाच कळलं की आता पुसलं काय आणि नाही काय.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "खरा सांग. माज्या हातान काय इस्कटला?"

मी पत्रकं लिहिणारा माणूस. तोंडावर बोलायची मला सवय. सत्ताधाऱ्यांना, साहेबांना, गिरणीमालकांना मी काय काय नाही बोललो! आणि इथं जीभ उचलेना. पण खोटंही बोलता येईना. सांगितलं. त्या जागेवर तीन अक्षरं होती, ती वितळली. नाण्याची किंमत त्या अक्षरांत होती.

"कोणाची होती ती अक्षरा?"

"कंपनीची. इंग्रजांच्या कंपनीची. जिला त्यांच्या राजानं आपली मुंबई देऊन टाकली, तिची."

काकींनी तांदळाचं सूप पुढं ओढलं. मग म्हणाल्या, "मगे जळली ता बरा झाला. आणि राजाक फास लागलो तर लागांदे. तुका नाय लागलो, ह्या बघ." आणि नाणं दोऱ्यासकट माझ्या हातात देऊन पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. पण दोन-तीन खडे त्यांनी तसेच पुढं ढकललेले मला दिसले.

या वाक्यावर सभेत टाळ्या पडल्या असत्या. मित्रांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाठीवर थापा मारल्या. लालबागच्या बाईनं कंपनी जाळली, राजा उलटा टांगला! एकानं तर पत्रकाचा मथळासुद्धा तयार केला. मी ते पत्रक लिहिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोरून ती तीन अक्षरं हलत नव्हती. पुरावा होता तो. पुरावा नष्ट झाल्याचा आनंद चोराला व्हावा, आम्हाला कसला?

दुसऱ्या दिवशी पेढीवर गेलो. दादाकडून मला आधीच कळलं होतं, पोलीस शेठकडे चौकशीला येऊन गेले होते. हा पोरगा कसा, लालबागला काय करत होता. शेठनी सांगितलं होतं, "माझा माणूस आहे. माझ्या कामाला गेला होता." नाण्याचा उल्लेखही केला नव्हता. एक शब्द बोलले असते तर मी आणखी किती काळ आत राहिलो असतो, कोण जाणे. आणि या माणसापुढं मी मखमलीवर तो कडी लागलेला जॉर्ज ठेवला.

शेठनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"कोणी केले?"

"ते सांगणार नाही."

"सोनार नाय पुछते. ठेवला कोणाकडे?"

"तेही सांगणार नाही, शेठ. पण पोलिसांपासून वाचवायला केलं. झडत्या चालू असताना गळ्यात घालून वाचवलं."

"आणि उलटा कशाला लावला?"

मी कारण सांगितलं. शेठनी भिंग खाली ठेवलं. मग दोरा उचलून आपल्या पांढऱ्या डगलीवर गळ्याशी धरला, टोपीसकट मान खाली घातली आणि नाण्याकडे बघितलं.

"बराबर," ते म्हणाले. "सीधा दिसते."

मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. दोरा काढून ठेवला आणि नाणं टेबलाच्या खालच्या खणात टाकलं, जिथं मोडीत घालायच्या वस्तू पडतात. डॉक्टरांना निरोप पाठवायला सांगितला की गिनी मिळणार नाही. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पगार कापला नाही. चहा मागवला, माझ्यासाठीही.

फक्त त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या खिशात नाणं घालून मला दाराबाहेर पाठवलं नाही. प्रभादेवीचे डॉक्टर आता जिने चढून पेढीवर येतात. कधी मीच विचारतो, "शेठ, मी नेऊन दाखवू?" ते खिडकीबाहेर बघत म्हणतात, "कशाला तकलीफ, डीकरा." मी अजूनही नाणी पारखतो, शेठ माझ्या पारखीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. पण "जशी नेते तशी परत आणजे" हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. तुरुंगानं माझं काही घेतलं असेल तर ते एवढंच. त्याची भरपाई कुणाकडे मागायची?

यंदा राज्य मिळालं. मुंबईसकट मिळालं. लालबागला त्या दिवशी काकींनी साऱ्या मजल्याला साखर वाटली आणि माझ्या तळहातावर मूठभर ठेवताना म्हणाल्या, "आता खळ शिजवूची नाय ना रे?" खणातली गिनी अजून खणातच आहे, शेठनी ती ना मोडीत घातली, ना कुणाला दाखवली. काकींनी तिच्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. पण बोलता बोलता, विशेषतः जिन्यावर बुटांचा आवाज झाला की, त्यांचा हात अजून गळ्याशी जातो आणि मान खाली वळते, आहे की गेलं ते बघायला. तिथं मंगळसूत्राच्या वाट्यांखेरीज काही नसतं. हे त्यांच्या लक्षात येण्याआधी मी दुसरीकडे बघायला लागतो.